तीन कागद, एकच फाइल, तीन वेगळे रंग. मोठ्या प्रिंटरचं कॅलिब्रेशन नक्की करायचं कसं?

नवखा_रोलवाला

मंडळी नमस्कार. बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. २४ इंची पिगमेंट इंकचा प्रिंटर आहे, फोटोशॉपमधून थेट ड्रायव्हरने छापतो, रिप (ड्रायव्हरऐवजी शाईवर ताबा ठेवणारं वेगळं सॉफ्टवेअर) वगैरे काही नाही. एका गिऱ्हाइकाला काही ब्लॅक अँड व्हाइट आणि काही रंगीत फोटो तीन कागदांवर हवेत, लस्टर, कॉटन रॅग मॅट आणि कॅनव्हास, आणि तिन्ही शेजारी शेजारी लावणारेत म्हणे, त्यामुळे "सेम दिसले पाहिजेत".

आता झालंय असं की लस्टरवर करड्याला हिरवट झाक येतेय, रॅगवर काळा म्हणजे काळा नाहीच, पाटीवर ओला फडका फिरवल्यावर उरतो तसला राखाडी, आणि कॅनव्हासवर सावलीतलं सगळं बुजून जातंय वर दुसऱ्या दिवशीही हाताला शाई लागतेय. म्हणून मित्राचा स्पेक्ट्रो (रंग मोजायचं यंत्र) आणला, तिन्ही कागदांवर ९०० च्या वर पॅचचे, म्हणजे रंगांच्या चौकोनांचे, चार्ट छापले, एकाच बैठकीत सगळे मोजले (पाठीचा भुगा), प्रोफाइल बनवल्या, लावल्या, आणि आता "आधीचंच बरं होतं" म्हणायची वेळ आलीय.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे त्यामुळे तो सल्ला देऊ नका. म्हणजे द्या, पण शेवटी द्या.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल ही एकच भानगड आहे का दोन? आणि प्रत्येक कागदाला वेगळं करायचं म्हणजे नक्की काय काय वेगळं करायचं?

शाईचा_डाग

चार गोष्टी सांग, मग बोलू. नोझल चेक शेवटचा कधी काढलास? तिन्ही कागदांना ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप कोणता निवडला होतास? चार्ट कुठून छापलास, फोटोशॉपमधूनच का? आणि छापल्यावर किती वेळाने मोजलास? हाताला शाई लागतेय यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जवळपास माहितीये, पण तू सांग.

कर्व्हबहाद्दर

एवढा कुटाणा कशाला करता राव. मी वर्षानुवर्षं एक छोटी पट्टी छापतो, डोळ्याने बघतो, हिरवं वाटलं की फोटोशॉपमध्ये मॅजेंटा दोन टक्के वाढवतो, परत पट्टी. तीन-चार पट्ट्यांत जमतं. प्रत्येक कागदाची एक कर्व्ह सेव्ह करून ठेवलीये. स्पेक्ट्रो न घेता आयुष्य चाललंय आमचं.

नवखा_रोलवाला

@शाईचा_डाग, नोझल चेक म्हणजे, हं, मागच्या आठवड्यात केव्हातरी. मीडिया टाइप तिन्हींना प्रीमियम ग्लॉसी ठेवला होता, कारण वाटलं की सेटिंग सेम ठेवलं की तुलना नीट होईल आणि कागदातला फरक तर प्रोफाइल बघून घेईलच ना. चार्ट फोटोशॉपमधूनच छापले. मोजले छापल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, कारण स्पेक्ट्रो संध्याकाळी परत द्यायचा होता.

लिहिता लिहिताच कळतंय की यातलं बरंच काही चुकलंय.

जुना_छापखाना

बरंच नाही, जवळपास सगळंच चुकलंय, पण चुका अशा आहेत की प्रत्येकाने एकदा केलेल्या असतात, मीसुद्धा. जरा लांबड लावतो.

आधी तुमचा मूळ प्रश्न. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तराजू घ्या. काटा शून्यावर आणणं हे कॅलिब्रेशन आणि मग कोणत्या वस्तूचं वजन किती भरतंय ते वहीत लिहून ठेवणं ही प्रोफाइल. म्हणजे कॅलिब्रेशन मशीनला एका ठरलेल्या स्थितीत आणतं, प्रोफाइल त्या स्थितीत हे मशीन या कागदावर कसं वागतं त्याचं नुसतं वर्णन करते. प्रोफाइल काहीही दुरुस्त करत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. नोझल बंद असताना वर्णन केलंत तर बंद नोझलचं वर्णन होणार, आणि नोझल उघडली की वर्णन खोटं पडणार.

आता मीडिया टाइप. नाव बघून वाटतं की हे आपलं लेबल आहे, पण ड्रायव्हरने छापणाऱ्यासाठी तेच सगळ्यात मोठं सेटिंग आहे. शाई किती ओतायची, काळी कोणती वापरायची, हेड कागदापासून किती वर ठेवायचं, दोन पासमध्ये (हेडच्या फेऱ्यांमध्ये) वाळायला किती वेळ द्यायचा, कागद किती पुढे सरकवायचा, हे सगळं त्या एका नावामागे दडलेलं असतं. रिपवाले शाईची मर्यादा स्वतः ठरवतात, आपल्याला ड्रायव्हरमध्ये आरजीबी पाठवायचं असतं आणि पुढचं सगळं मीडिया टाइपच्या मर्जीवर.

तुमच्या रॅगचं बघा. ग्लॉसी निवडलंत म्हणून मशीनने फोटो ब्लॅक वापरला. मॅट कागदावर फोटो ब्लॅक कधी गडद बसत नाही. तिथे मॅट ब्लॅकच लागतो. उलटं केलंत, म्हणजे ग्लॉसीवर मॅट ब्लॅक, तर तो वर नुसता भुकटीसारखा बसतो आणि बोटाने पुसला जातो. काही जुन्या मॉडेलांत दोन्ही काळ्या एकाच वाटेने जातात, त्यामुळे बदलताना शाई वाया जाते आणि लोक चालढकल करतात. तुमचं तसं असेल तर ग्लॉसीची कामं एकदम, मॅटची एकदम, अशी वाटून घ्या. पण चुकीच्या काळ्यावर प्रोफाइल बनवू नका, त्या प्रोफाइलला बिचारीला काळा मिळालेलाच नाही तर ती देणार कुठून.

कॅनव्हासला ग्लॉसीइतकी शाई ओतलीत, ती त्याला पेलली नाही, सावलीत थारोळं झालं. तिथे कॅनव्हासचाच मीडिया टाइप घ्या आणि तरी बुजत असेल तर ड्रायव्हरमध्ये कलर डेन्सिटी कमी करायची सोय बहुतेक मशीनना असते, दहा-दहाने खाली आणत एक काळ्याची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी छापा. शेवटच्या दोन-तीन पायऱ्या वेगळ्या दिसायला लागल्या की तिथे थांबा. आणि मग ते सेटिंग आकडा लिहून, नाव देऊन सेव्ह करा. चार्ट त्याच सेटिंगने, पुढची सगळी कामंही त्याच सेटिंगने. रिझोल्यूशन, पास, एकदिशा का दुहेरी, यातलं काहीही बदललं तर प्रोफाइल त्या बदलाची नाही.

आता लस्टरचा हिरवटपणा. माझा संशय चार्टवर आहे. चार्ट छापताना रंगात कोणीही, म्हणजे ना फोटोशॉप, ना ड्रायव्हर, ना ऑपरेटिंग सिस्टिम, हात घालायला नको असतो. पॅचमधला आकडा जसाच्या तसा मशीनपर्यंत पोचला पाहिजे. फोटोशॉपमध्ये पूर्वी कलर मॅनेजमेंट नको म्हणायचा पर्याय होता, तो २०१० च्या सीएस५ मध्ये काढून टाकला, आणि चार्ट छापणाऱ्यांसाठी अ‍ॅडोबीने एक छोटं वेगळं प्रिंटर युटिलिटी दिलं. तेव्हा फोटोशॉपमधून चार्ट छापलात म्हणजे वाटेत कुठेतरी रूपांतर झालं असण्याची दाट शक्यता आहे. ज्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल बनवता त्यातूनच चार्ट छापता येत असेल तर तेच करा, आणि ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती बंद. एपसनच्या ड्रायव्हरमध्ये नो कलर अ‍ॅडजस्टमेंट, कॅननमध्ये नो करेक्शन, एचपीमध्ये अ‍ॅप्लिकेशन मॅनेज्ड कलर्स, अशा नावांनी ते असतं. नंतर फोटो छापतानाही ड्रायव्हरमध्ये ते बंदच, प्रोफाइल फक्त फोटोशॉपमध्ये निवडायची. दोघांनी मिळून दुरुस्ती केली की कधी गुलाबी, कधी हिरवं, आणि माणूस शाईला शिव्या देत बसतो.

वाळण्याचं. पिगमेंट असली तरी मी रात्रभर ठेवतो, शक्यतो पूर्ण २४ तास, डाय इंक असेल तर त्याहून कमी कधीच नाही. नुकत्याच छापलेल्या पॅचचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पॅचचा आकडा एक नसतो, विशेषतः गडद रंगांत. स्पेक्ट्रो परत द्यायचा असेल तर आधी चार्ट छापून ठेवा आणि मग स्पेक्ट्रो मागा, सोपं आहे.

@कर्व्हबहाद्दर, तुमच्या पट्टीला माझा विरोध नाही, हात बसलाय तुमचा. पण डोळ्याने करडा जुळवला तर त्वचेचा रंग सरकतो, त्वचा जुळवली तर निळा सरकतो, एका कर्व्हने एकाच ठिकाणचं दुखणं बरं होतं. शिवाय तुमची कर्व्ह तुमच्या खोलीतल्या दिव्याखाली बनलेली आहे.

कर्व्हबहाद्दर

दिव्याचं मान्य. एकदा ट्यूबलाइटखाली जुळवलेलं काम गिऱ्हाइकाने खिडकीत नेऊन धरलं होतं, त्यावर जास्त बोलत नाही.

मोजपट्टी

जुना_छापखाना यांनी मुख्य ते सगळं सांगितलंय, मी मोजण्याबद्दल थोडं जोडते कारण तिथेच लोक घसरतात आणि सगळा दोष कागदाला देतात.

लस्टरच्या कागदात बहुधा ब्राइटनर असतात, म्हणजे अशी रसायनं जी डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कागद पांढऱ्याहून पांढरा वाटतो. नॅचरल कॉटन रॅगमध्ये बऱ्याचदा ती नसतात, तो कागद किंचित पिवळट असतो. लॅब आकड्यांत (एल म्हणजे उजळपणा, ए हिरवा-लाल, बी निळा-पिवळा) बघितलं तर एकाचा 'बी' मायनसमध्ये जातो, दुसऱ्याचा प्लसमध्ये. आता स्पेक्ट्रोच्या दिव्यात अतिनील किती आहे यावर ब्राइटनरवाल्या कागदाचा आकडा बदलतो. म्हणून आयएसओ १३६५५ च्या २००९ च्या आवृत्तीत मोजण्याच्या पद्धतींना नावं दिली, एम०, एम१, एम२, एम३. एम० जुनी, त्यात अतिनीलचं प्रमाण बांधलेलं नाही. एम१ म्हणजे डी५० या प्रमाणित दिवसाच्या प्रकाशाप्रमाणे, अतिनीलसकट. एम२ म्हणजे अतिनील कापून. एम३ मध्ये चमक कापणारा ध्रुवण फिल्टरही असतो.

व्यवहारात काय करायचं? फोटो दिवसाच्या उजेडात किंवा चांगल्या व्ह्यूइंग दिव्याखाली बघितले जाणार असतील तर एम१ घ्या. काचेमागे, अतिनील अडवणाऱ्या काचेमागे लागणार असतील तर एम२ बरी. पण तिन्ही कागदांना एकच पद्धत वापरा, एकाला एम० आणि दुसऱ्याला एम२ असलं करू नका, मी केलंय, आणि दोन दिवस शोधत होते की एका कागदाचे करडे पिवळे का दिसतायत. ब्राइटनर निळा प्रकाश देतो, तो प्रोफाइलला कागदाचा निळेपणा वाटतो आणि ती त्याची भरपाई करायला पिवळा ओतते, असा तो प्रकार असतो. तुमचा स्पेक्ट्रो जुना असेल तर त्यात एम१ नसेलही, मग अतिनील फिल्टरचा आहे का बिनफिल्टरचा तेवढं बघून घ्या.

कॅनव्हासला तर मोजणंच अवघड. विणीच्या उंचवट्यांवर उजेड कसाही परततो, एकच पॅच दोनदा मोजला तर दोन आकडे. तिथे पॅच मोठे घ्या, संख्या कमी ठेवा, चार्ट दोन-तीनदा मोजून सरासरी काढा. १६१७ पॅचचा चार्ट खराब मोजण्यापेक्षा ५०० पॅचचा तीनदा मोजलेला कधीही बरा. आणि खाली पांढरा कागद किंवा त्याच मालाचे दोन-तीन थर ठेवून मोजा, टेबलाचा काळा-तपकिरी रंग पातळ कागदातून वर येतो.

फुकटात करायचं असेल तर आर्गिल सीएमएस आहे, कमांड लाइनवर चालतं त्यामुळे पहिल्यांदा घाम फुटतो, पण चार्ट बनवण्यापासून मोजून प्रोफाइल काढण्यापर्यंत सगळं त्यात होतं आणि आपण नक्की काय करतोय ते कळतं.

प्रोफाइल झाली की तपासा. डोळ्याने नाही, मोजून. प्रोफाइल बनवताना न वापरलेले ४०-५० रंग निवडा, त्यात करडे भरपूर असू द्या, अ‍ॅब्सोल्यूट इंटेंटने (कागदाच्या रंगासकट आकडे तसेच ठेवणारा पर्याय) छापा, वाळू द्या, मोजा आणि अपेक्षित आकड्याशी डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, काढा. कागदाच्या आवाक्यात बसणाऱ्या रंगांचा सरासरी २००० सूत्राने दोनच्या आत आला तर मी शांत झोपते. त्यातही करड्यांचा वेगळा बघायचा, कारण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दीडाचा फरकसुद्धा झाक म्हणून दिसतो, भडक लालमध्ये तेवढाच फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

विनाइलवाली

मी इको सॉल्व्हंट (विनाइलवर चालणारी शाई) आणि रिपवर असते, त्यामुळे थोडं वेगळं, पण ज्यांच्याकडे रिप आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडे क्रम उलटवायचा नाही. आधी प्रत्येक शाईची मर्यादा, मग लिनिअरायझेशन (शाईच्या पायऱ्या समान अंतरावर आणणं), मग एकूण शाईची मर्यादा, शेवटी आयसीसी प्रोफाइल. बरेच जण पहिली पायरी डेन्सिटी बघून करतात आणि जिथपर्यंत वाढतेय तिथपर्यंत शाई सोडतात. डेन्सिटी वाढत असते पण रंग भलतीकडे वळलेला असतो, सायन जास्त झाला की निळा व्हायला लागतो, मॅजेंटा लालसर. ए-बी च्या आलेखात रेघ सरळ जाता जाता हुकासारखी वाकते, ती वाकायच्या आधी मर्यादा बांधायची. तेवढ्यानेच माझी शाईही वाचली आणि वाळण्याची कटकटही गेली.

आणि लॅमिनेशन करणार असाल तर चार्टलाही लॅमिनेशन करून मगच मोजा. वर फिल्म चढली की गडद रंग आणखी गडद होतात, मॅट फिल्म उलट काळा उडवते. कॅनव्हासवर व्हार्निश मारणाऱ्यांनाही हेच लागू.

शाईचा_डाग

हे सगळं करायच्या आधी: नोझल चेक, हेड अलाइनमेंट, पेपर फीडची दुरुस्ती. या क्रमाने. चार्टवर बँडिंग (पट्टे) असेल तर एकाच पॅचचा अर्धा भाग वेगळा मोजला जातो. आणि रोल खोलीत आदल्या दिवशीच उघडून ठेव. खोलीचा दमटपणा ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असला की बरं, त्याच्या बाहेर कॉटनचा कागद फुगतो, आक्रसतो आणि शाईही वेगळी पितो.

तुझ्या मशीनमध्ये आतला सेन्सर आहे का बघ. एचपीच्या डिझाइनजेट झेड मालिकेतल्या काही मॉडेलांत स्पेक्ट्रोच आत बसवलेला मिळतो, काही मशीनमध्ये नुसता डेन्सिटीचा सेन्सर असतो. त्याने प्रोफाइल बनत नाही, पण कॅलिब्रेशन होतं, म्हणजे हेड बदललं किंवा मशीन म्हातारं झालं तरी ते परत मूळ जागेवर येतं आणि आपल्या प्रोफाइल टिकतात. असेल तर आधी ते चालव, मग चार्ट.

नवखा_रोलवाला

अपडेट देतो, दहा दिवस लागले.

नोझल चेक काढला तर लाइट सायनच्या दोन रेघा गायब. दोनच, पण होत्या. म्हणजे आधीच्या तिन्ही प्रोफाइल त्या दोन बंद नोझलचं वर्णन होत्या, बरोबर ना @जुना_छापखाना? साफ केलं, अलाइन केलं, आतला सेन्सर निघाला माझ्यात (मॅन्युअल वाचायला पाहिजे होतं), कॅलिब्रेशन चालवलं. लस्टरला लस्टर, रॅगला मॅट ब्लॅकवाला फाइन आर्ट टाइप. प्रोफाइलच्या सॉफ्टवेअरमधूनच चार्ट छापला, रात्रभर ठेवला, एम१ ने मोजला.

लस्टर: हिरवट झाक गेली. करड्यांचा सरासरी डेल्टा ई १.१. मी ती पट्टी घरात सगळ्यांना दाखवली, कोणालाच काही फरक कळला नाही, माझंच मला कौतुक.

रॅग: काळ्याचा एल आधी २६ होता तो १७ वर आला. पण लस्टरचा ४ आहे. म्हणजे शेजारी ठेवलं की अजूनही रॅग फिका दिसतो. हे असंच राहणार का? गिऱ्हाइकाला "सेम" पाहिजे.

जुना_छापखाना

बरोबर, बंद नोझलचंच वर्णन.

आणि हो, हे असंच राहणार. मॅट कागदाचा काळा १६-१८ च्या खाली सहसा जात नाही, पृष्ठभागच असा असतो की उजेड सगळीकडे विखुरतो. जगातली कोणतीही प्रोफाइल तिथे ४ आणणार नाही.

सेमच हवं असेल तर एकच वाट, सगळ्यात लंगडा जो चालतो त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. फाइल आधी रॅगच्या प्रोफाइलमध्ये रिलेटिव्ह (कागदाचा पांढरा हाच पांढरा धरणारा पर्याय) आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलमधला काळा कागदाच्या काळ्यावर आणून बसवणारा पर्याय) लावून रूपांतरित करा. मग तिथून लस्टरच्या प्रोफाइलमध्ये, रिलेटिव्हच, पण या वेळी ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन काढून. म्हणजे लस्टरवरही काळा १७ वरच थांबेल. कागदाचा पांढरा मात्र ज्याचा त्याचाच राहील. छापताना परत रूपांतर होऊ देऊ नका.

मोजपट्टी

हे तंत्र बरोबर आहे पण मला हे करायला जिवावर येतं. एवढा सुंदर काळा देणारा कागद घ्यायचा आणि त्याचा गळा दाबायचा. शेजारी लावल्यावर डोळ्याला आधी झाक खुपते, एक करडा गरम आणि दुसरा थंड असला की लगेच कळतं. काळ्याच्या खोलीतला फरक कागद वेगळा म्हणून माणूस सोडून देतो. मी मधले करडे जुळवून देईन आणि काळे ज्याचे त्याला ठेवीन. दोन्ही छापून दाखवा ना गिऱ्हाइकाला, ठरवू दे त्यांना. दाखवाल तेव्हा दिवा मात्र एकच, आणि जिथे लावणार आहेत तिथला मिळाला तर उत्तमच.

नवखा_रोलवाला

दाखवलं. दोन लस्टर, एक गळा दाबलेला आणि एक मोकळा, मधे रॅग. गिऱ्हाइकाने पाच सेकंदांत मोकळा उचलला आणि म्हणाले हाच, हा "जास्त सेम" वाटतोय. मी काही बोललो नाही.

कॅनव्हास अजून राहिलाय. डेन्सिटी मायनस १५ वर आणल्यावर शेवटच्या पायऱ्या सुट्या झाल्या, शाई हाताला लागत नाही, पण गिऱ्हाइक आधी सांगत नव्हते आणि आता म्हणतायत व्हार्निश मारून द्या. म्हणजे @विनाइलवाली म्हणाली तसं चार्टलाही व्हार्निश मारून मोजायचं का? ब्रशने मारलेलं चालेल का स्प्रेच लागेल?

विनाइलवाली

ज्याने काम करणार त्यानेच चार्ट कर. ब्रशच्या रेघा येत असतील तर स्प्रे बरा, नाहीतर स्पेक्ट्रो त्या रेघाच मोजत बसेल. व्हार्निशच्या आधी प्रिंट निदान एक दिवस वाळू दे, व्हार्निश पूर्ण वाळल्याशिवाय वर स्पेक्ट्रो फिरवू नको, आणि फिरवून झालं की त्याची खालची बाजू पुसून घे. मित्राचा आहे ना.